बी.ए., बी.एड. झालंय, पहिली ते पाचवीला शिकवता येईल का?

नाही. २०१८ मध्ये एनसीटीईने (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने) बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीची मुभा दिली होती, पण ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. त्या वर्गांना आता डी.एल.एड. (म्हणजे जुनं डी.एड.) आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर १ लागतो.

तुमच्या बी.एड.वर सहावी ते आठवी मिळेल, पेपर २ उत्तीर्ण असाल तर. नववी-दहावीला पदवीचा विषय बघतात. अकरावी-बारावीसाठी मात्र त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी हवीच.

टीईटीचं प्रमाणपत्र २०२१ पासून आजन्म वैध आहे, त्यामुळे मुदतीची धास्ती नको. क्लासवाले ‘दोन्ही पेपर देऊन टाका’ म्हणतील, डी.एल.एड. नसताना पेपर १ ची फी कशाला भरायची?