जीन ग्रेचा अपराध पडद्यावरून कुठे गेला?

मागील अंकात महानायिकांच्या चित्रपटांविषयी लिहिताना २०१९ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘डार्क फिनिक्स’ या चित्रपटाला मी ‘वाया गेलेली संधी’ म्हटले होते. ‘एक्स-मेन’ या जन्मजात अद्भुत शक्ती असलेल्या नायकांच्या चमूतील जीन ग्रे ही त्याची नायिका आणि ती भूमिका सोफी टर्नर यांची. त्यावर बरीच पत्रे आली. काही वाचक सहमत होते, काहींना राग आला होता. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मला हा चित्रपट मनापासून आवडला. ज्या मुलीला लहानपणापासून तिच्याविषयीचे सत्य कुणी सांगितलेच नाही, तिचा संताप सोफी टर्नर यांनी फार चांगला दाखवला आहे. मग आपण याला वाया गेलेली संधी का म्हणता? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : सोफी टर्नर यांच्या अभिनयाविषयी आपण जे लिहिले आहे ते मला पूर्णपणे मान्य आहे. माझी अडचण चित्रपटाच्या लेखनाविषयी आहे. ती समजण्यासाठी मूळ कथा थोडक्यात सांगावी लागेल, कारण ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला आहे त्यांना पडद्यावर काय आले नाही हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

मूळ कथा ‘एक्स-मेन’ या मार्व्हलच्या चित्रमालिकेत १९८० मध्ये जानेवारीपासून महिन्याला एक अंक याप्रमाणे आली. लेखक क्रिस क्लेअरमाँट होते. जॉन बर्न हे चित्रकार होते आणि कथानक रचण्यातही त्यांचा वाटा होता. टेरी ऑस्टिन यांनी चित्रांवर शाईकाम केले. जीन ग्रे ही या मालिकेच्या १९६३ मधील पहिल्या अंकापासूनची पात्र. तेव्हा तिचे नाव ‘मार्व्हल गर्ल’ होते आणि मनाच्या बळावर वस्तू हलवणे एवढीच तिची शक्ती होती. १९७६ मध्ये अंतराळयान पृथ्वीवर उतरवताना ती मृत्यूच्या दारात जाते आणि ‘फिनिक्स’ होऊन, म्हणजे राखेतून पुन्हा उठणाऱ्या अग्निपक्ष्याचे नाव आणि अफाट शक्ती घेऊन, पाण्यातून वर येते. पुढे एक कपटी भ्रमकार तिच्या मनात शिरून तिला खोट्या स्वप्नांत गुंतवतो आणि तिच्या मनाचे बांध फोडतो. इथपर्यंत तिची दया यावी अशीच कथा आहे. त्यानंतर मात्र ती मोकळी होते, आकाशगंगेपलीकडे झेप घेते, प्रवासात शक्ती खर्ची पडल्यामुळे तिला भूक लागते आणि ती वाटेतला एक तारा गिळून टाकते. त्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावर डबारी नावाच्या जीवांची वस्ती होती. ते ५०० कोटी जीव त्या एका घासाबरोबर नष्ट होतात. जीनला त्यांच्याविषयी वैर नव्हते. तिला भूक होती आणि ती भागवताना तिला सुख वाटत होते, एवढेच.

त्या कथेचा सगळा भार या एका प्रसंगावर आहे. जिच्यावर आपण १७ वर्षे माया केली, त्या मुलीने हे केले. तिला फसवले गेले हे खरे, पण तारा गिळताना तिचा हात कुणी धरला नव्हता.

आता चित्रपट पाहा. तेथेही डबारी आहेत, पण त्यांचा ग्रह जीनच्या जन्माशीही संबंध नसलेल्या एका वैश्विक शक्तीने आधीच उद्ध्वस्त केलेला आहे. उरलेले डबारी त्या शक्तीच्या मागे पृथ्वीवर येतात आणि जेसिका चॅस्टेन यांनी साकारलेली त्यांची नेत्री व्हुक हीच कथेची खलनायिका होते. मूळ कथेत जे नायिकेच्या हातून मेले, तेच येथे नायिकेच्या हातून मरण्यास योग्य असे खल झाले. हा बदल एका ओळीत सांगता येतो, पण त्याने कथेचा पायाच काढून घेतला. जीनच्या हातून चित्रपटात तिच्याच चमूतील मिस्टिकचा मृत्यू होतो आणि तोही ती स्वतःला आवरू न शकल्यामुळे, जवळपास अपघाताने. प्रेक्षक तिला क्षमा करायला आधीपासूनच तयार असतो. ज्या नायिकेला क्षमा करणे इतके सोपे आहे, ती शक्तीने भ्रष्ट झाली असे कसे म्हणावे?

एक प्रसंग मात्र मूळ कथेच्या तोडीचा आहे आणि तो आपण पुन्हा पाहावा अशी माझी विनंती आहे. जीन न्यूयॉर्कमधील एका मोठ्या घरात जिन्याच्या वर उभी असते आणि चाकांच्या खुर्चीत बसलेल्या, चमूचा गुरू असलेल्या चार्ल्स झेव्हियरला आपल्याकडे येण्यास भाग पाडते. ज्या पायांत वर्षानुवर्षे जीव नाही ते पाय कळसूत्री बाहुलीच्या पायांसारखे एकेक पायरी ओढले जातात. जेम्स मॅकअव्हॉय यांच्या चेहऱ्यावर तेव्हा वेदनेबरोबर लाजही दिसते. त्या क्षणी जीन क्रूर आहे आणि तिला ते क्रौर्य आवडते आहे. दिग्दर्शकाने तेथे आणखी पाच मिनिटे थांबण्याचे धैर्य दाखवले असते, तर मागील अंकातील माझे शब्द वेगळे असते.

प्रश्न : हीच कथा २००६ मध्ये येऊन गेली होती. मग १३ वर्षांनी पुन्हा का? शिवाय याच मालिकेतील २०१६ च्या चित्रपटात जीनच्या अंगातून अग्निपक्षी निघालेला आम्ही पाहिला. मग ‘डार्क फिनिक्स’मध्ये ती शक्ती १९९२ साली अंतराळातून आली हे कसे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : २००६ च्या ‘एक्स-मेन : द लास्ट स्टँड’ची पटकथा सायमन किनबर्ग आणि झॅक पेन यांनी लिहिली होती आणि दिग्दर्शन ब्रेट रॅटनर यांचे होते. त्या चित्रपटात म्युटंटांना, म्हणजे अशा जन्मजात शक्ती असलेल्या माणसांना, ‘बरे’ करणाऱ्या औषधाची एक स्वतंत्र, मोठी कथा होती आणि तिने जीनची जागा खाल्ली. जीन साकारणारी फामके यान्सेन यांच्यासारखी समर्थ अभिनेत्री उत्तरार्धात बराच वेळ झेव्हियरचा प्रतिस्पर्धी मॅग्नेटो याच्या मागे नुसती उभी आहे. मालिकेतील २०१४ च्या चित्रपटात भूतकाळात जाऊन इतिहासच बदलला गेल्यामुळे त्या घटना पुसल्या गेल्या आणि किनबर्ग यांना तीच कथा पुन्हा सांगण्याची वाट मोकळी झाली. या वेळी ते लेखकही होते आणि दिग्दर्शकही, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट होता. राहिलेली चूक दुरुस्त करण्याची ही इच्छा मला प्रामाणिक वाटते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला चित्रपटात समाधानकारक उत्तर नाही. २०१६ च्या चित्रपटात ती ज्वाला जीनच्या आतून येते, तर २०१९ च्या चित्रपटात ‘एंडेव्हर’ यानाच्या अंतराळवीरांना वाचवताना ती शक्ती बाहेरून तिच्यात शिरते. ही विसंगती केवळ कालक्रमाची असती तर मी ती सोडून दिली असती. पण शक्ती आतली की बाहेरची, यावरच अपराध कुणाचा हे ठरते. म्हणून ती मला जास्त खटकते.

प्रश्न : पुरुष नायकाला शक्ती मिळाली की तो जबाबदार होतो आणि स्त्रीला मिळाली की ती वेडी होते, असे या चित्रपटांचे सूत्र दिसते. वर्गात मुलींना हे कसे समजावावे? (शिक्षिका, ठाणे)

उत्तर : आपला आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. २०२२ मध्ये जादूची शक्ती असलेल्या वांडा मॅक्सिमॉफ या नायिकेच्या बाबतीत मार्व्हलने पुन्हा तेच केले. मुलांच्या ओढीने ती इतरांचे जीव घेऊ लागते आणि शेवटी स्वतःला ढिगाऱ्याखाली गाडून घेते. पुरुष नायकही शक्तीने भ्रष्ट झालेले आहेत हे येथे नोंदवायला हवे. ग्रीन लँटर्न म्हणून प्रसिद्ध असलेला हॅल जॉर्डन १९९४ मध्ये आपले शहर नष्ट झाल्यावर आपल्याच साथीदारांवर उलटतो. फरक आहे तो कारणांत. पुरुष शहरासाठी, कर्तव्यासाठी किंवा तत्त्वासाठी बिघडतो आणि स्त्री भावना आवरत नाहीत म्हणून बिघडते, असे लेखक पुन्हा पुन्हा धरून चालतात.

‘डार्क फिनिक्स’च्या लेखकाला या आक्षेपाची जाणीव होती, असे शेवटच्या झुंजीवरून वाटते. व्हुक जीनला सांगते की भावना तुला दुबळी करतात आणि जीन उत्तर देते की त्याच मला बळ देतात. उत्तर चांगले आहे, पण तोपर्यंत फार उशीर झालेला आहे. त्याआधीच्या दीड तासात ही मुलगी काय करते? वडिलांच्या दारात जाते, तेथून मॅग्नेटोच्या दारात, तेथून व्हुकच्या दारात. प्रत्येक दारात कुणीतरी तिला ती कोण आहे हे सांगते. चार्ल्सने तर तिच्या आठव्या वर्षीच तिच्या मनात भिंत बांधून, तिच्या हातून आई गेली आणि जिवंत असलेल्या वडिलांनी तिला सोडून दिले, ही आठवण तिच्यापासून लपवलेली असते. तिचे मन बिघडवणारे सगळे इतरच आहेत आणि तिला सुधारण्याचा हक्क सांगणारेही इतरच. स्त्रीला शक्ती दिली आणि निर्णय दिला नाही, ही या चित्रपटाची खरी उणीव मला वाटते. वर्गात मुलींशी बोलताना जीन वेडी झाली की नाही यापेक्षा, तिने स्वतः ठरवलेली पहिली गोष्ट कोणती, हा प्रश्न विचारून पाहावा. मुली प्रसंग शोधू लागतील आणि वाद चांगला रंगेल.

आणखी एक गोष्ट आपल्याला सांगाविशी वाटते. मूळ कथा स्त्रीद्वेषी होती असे मी म्हणणार नाही. १९६३ मध्ये नायकांच्या चमूतील एकुलती एक मुलगी सर्वांत दुबळी असे आणि क्लेअरमाँट यांनी तिलाच सर्वांत बलवान केले. तिच्या पतनाला उंची आली ती त्यामुळे. जिचा मान मोठा, तिचा दोषही मोठा मानला गेला, आणि हा मान चित्रपटाने तिला दिला नाही.

प्रश्न : ही आपल्या भस्मासुराचीच कथा नाही का? (ज्येष्ठ वाचक, सोलापूर)

उत्तर : तुलना लगेच सुचते, पण ती फार पुढे नेता येत नाही. भस्मासुराने वर मागून घेतला होता आणि मागतानाच त्याच्या मनात पाप होते. जीनने काहीही मागितले नव्हते. इतरांचा जीव वाचवताना ती शक्ती तिच्या वाट्याला आली. चांगल्या कामाचे फळ म्हणून आलेली शक्तीच नासली, हे या कथेचे दुःख आहे. भस्मासुर जळाला म्हणून कुणी रडले नाही. जीनसाठी वाचक रडले.

प्रश्न : चित्रपट इतका का आपटला? त्याचे संगीत तर उत्तम आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : सुमारे २० कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर गोळा केले. त्यातील मोठा भाग चित्रपटगृहांकडे जातो, हे लक्षात घेतले तर तोटा स्पष्ट आहे. नोव्हेंबर २०१८ ची तारीख फेब्रुवारी २०१९ वर आणि नंतर जूनवर गेली, शेवटचा भाग पुन्हा चित्रित झाला आणि मार्च २०१९ मध्ये फॉक्सची चित्रपट कंपनी डिस्नेच्या मालकीची झाल्यामुळे ही मालिका येथेच संपणार हे प्रेक्षकांना आधीच कळून चुकले होते. संगीत हान्स झिमर यांचे आहे. महानायकांच्या चित्रपटांना यापुढे संगीत देणार नाही असे २०१६ मध्ये जाहीर केल्यानंतरही ते या चित्रपटासाठी परतले. ते संगीत चित्रपटाशिवाय, डोळे मिटून ऐकावे.

प्रश्न : जीनला मरणे भागच होते का? पश्चात्ताप झाल्यावर तिला जगू देता आले नसते? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : आपल्याला आश्चर्य वाटेल, पण मूळ कथेत ती जगणारच होती. क्लेअरमाँट आणि बर्न यांनी १३७ वा अंक पूर्ण केला होता. त्यात शिआर या परग्रहवासी साम्राज्याचे लोक तिची शक्ती कायमची काढून घेतात आणि ती सामान्य स्त्री म्हणून घरी परतते. मुख्य संपादक जिम शूटर यांना हे मान्य झाले नाही. एका ग्रहावरचे सगळे जीव मारणारी व्यक्ती शिक्षेविना घरी जाते हे नीतीला धरून नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अखेरची पाने नव्याने काढली गेली आणि सप्टेंबर १९८० च्या त्या अंकात जीन चंद्रावर, आपल्या प्रियकरासमोर, एक प्राचीन शस्त्र स्वतःवर चालवून प्राण देते. आपण पुन्हा बिघडू शकतो हे तिला कळलेले असते आणि ती संधी ती कुणालाच, स्वतःलाही, देत नाही. वगळलेला शेवट १९८४ मध्ये स्वतंत्रपणे छापला गेला. मी तो वाचला आहे. तो सुसह्य आहे आणि त्यामुळेच तो मनात राहत नाही.

चित्रपटातही जीन शेवटी जाते, व्हुकला घेऊन अंतराळात जाते आणि आकाशात अग्निपक्षी उमटतो. पण तेथे ती शत्रूला संपवण्यासाठी जाते, केलेल्या कृत्याची किंमत म्हणून नव्हे.

यात केवळ चित्रपटवाल्यांना दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण ही पळवाट आधी मार्व्हलनेच काढली. १९८६ मध्ये जीनला परत आणायचे ठरले तेव्हा असे सांगण्यात आले की तारा गिळणारी ती जीन नव्हतीच. एका वैश्विक शक्तीने तिचे रूप घेतले होते आणि खरी जीन तोपर्यंत न्यूयॉर्कजवळच्या जमैका उपसागराच्या तळाशी एका कोशात निजून होती. त्या एका खुलाशाने ५०० कोटी जीवांचा हिशेब तिच्या नावावरून उतरवला गेला आणि चंद्रावरचे तिचे मरणही तिचे उरले नाही. आपण मूळ कथा वाचणार असाल तर १२९ ते १३८ हे दहा अंक सलग वाचावेत. शेवटच्या अंकात तिचे अंत्यसंस्कार आहेत. त्यानंतर निदान वर्षभर तरी पुढचे काही उघडू नये.