पायथन ओळीओळीने चालते, मग पायकॅशमध्ये कंपाईल झालेली फाईल येते कुठून?

तुमचा प्रश्न असा आहे: डिप्लोमाला सर सांगतात की सी ही भाषा कंपाईल होते, म्हणजे पूर्ण प्रोग्रॅमचं आधीच रूपांतर होतं, आणि पायथन इंटरप्रिट होते, म्हणजे एक ओळ वाचायची, चालवायची, मग पुढची. पण तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये पायकॅश नावाचा फोल्डर आपोआप तयार झाला, त्यात पीवायसी फाईल आहे आणि ती कंपाईल केलेली असते असं कळलं. मग खरं काय?

ती फाईल खरोखरच कंपाईल केलेली आहे. पायथन ओळीओळीने चालते हे वाक्य चूक आहे आणि ते घरबसल्या तपासता येतं.

तीन ओळींची एक पायथन फाईल बनवा. पहिल्या ओळीत 'नमस्कार' छापा, दुसरीत आणखी काहीतरी छापा आणि तिसरीत एक कंस उघडून तो बंद करू नका. फाईल चालवा. नमस्कार छापलाच जात नाही, थेट सिंटॅक्स एरर येते. ओळ वाचून लगेच चालवली जात असती, तर तिसऱ्या ओळीतली चूक कळायच्या आधीच नमस्कार पडद्यावर आला असता.

आता लिनक्सवर हाच प्रकार बॅशच्या, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, स्क्रिप्टमध्ये करा. पहिल्या ओळीत काहीतरी छापा आणि शेवटच्या ओळीत 'डन' हा शब्द एकटाच लिहा, लूप नसताना. इथे पहिली ओळ छापली जाते आणि तक्रार त्यानंतर येते. सरांनी सांगितलेलं वर्णन बॅशला बरंचसं लागू पडतं. बॅश एक पूर्ण आज्ञा वाचते, ती पार पाडते आणि मगच फाईलमध्ये पुढे सरकते. म्हणूनच चालू असलेली बॅश स्क्रिप्ट मध्येच एडिट केली की विचित्र गोष्टी घडतात.

पायथन आधी पूर्ण फाईल वाचते, शब्द सुटे करते, त्यांची वाक्यरचना तपासून एक झाड उभं करते आणि त्या झाडावरून बाइटकोड, म्हणजे छोट्या छोट्या सूचनांची यादी, तयार करते. हे कंपायलरचंच काम आहे आणि पायथनच्या आत एक कंपायलर बसलेला आहे. पायथन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात, म्हणून उदाहरण मराठीतच घेतो. 'व्याज = मुद्दल * दर' या ओळीच्या साधारण चार सूचना होतात: मुद्दल उचल, दर उचल, दोन्हींचा गुणाकार कर, उत्तर व्याजमध्ये ठेव. चालतात त्या या सूचना. ही ओळ लाख वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये असली, तरी तिचा मजकूर लाख वेळा वाचला जात नाही, तो एकदाच वाचून झालेला असतो. पुस्तकांत इंटरप्रिटरसाठी दुभाष्याचं उदाहरण देतात, वाक्य ऐकलं की लगेच भाषांतर करून सांगणारा. माझ्या मते सगळा गोंधळ त्या उदाहरणापासून सुरू होतो.

तुम्ही 'एक दिवसाचे सेकंद' म्हणून २४ गुणिले ६० गुणिले ६० लिहिलंत, तर बाइटकोडमध्ये थेट ८६४०० हा आकडा सापडतो. प्रोग्रॅम चालायच्या आधीच गुणाकार उरकलेला असतो.

पायकॅशबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुम्ही जी मुख्य फाईल चालवता तिची पीवायसी सहसा साठवली जात नाही. इंपोर्ट केलेल्या फाईलची साठवली जाते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये एका फाईलने दुसरी इंपोर्ट केली असणार, त्याशिवाय हा फोल्डर दिसला नसता. पुढच्या वेळी पायथन मूळ फाईलची वेळ आणि आकार ताडून पाहते, बदल नसेल तर जुना बाइटकोड उचलते. यामुळे प्रोग्रॅम लवकर सुरू होतो, पण चालण्याचा वेग वाढत नाही. या बाबतीत पुष्कळांचा गैरसमज असतो.

मग सीपेक्षा वेगळं काय? सीचा कंपायलर प्रोसेसरची स्वतःची भाषा लिहितो, म्हणून इंटेलच्या लॅपटॉपसाठी बनवलेली फाईल वेगळा प्रोसेसर असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालत नाही. बाइटकोड कुठल्याच प्रोसेसरला कळत नाही. तो पार पाडायला पायथनमध्ये एक मोठा लूप असतो: सूचना घे, तिचं काम कर, पुढची घे. हा लूप म्हणजे इंटरप्रिटर, आणि तो स्वतः सीमध्ये लिहून कंपाईल केलेला आहे. आता 'मुद्दल * दर' पाहा. सीमध्ये दोन्हींचे प्रकार आधीच जाहीर केलेले असतात, त्यामुळे कंपायलर गुणाकाराची नेमकी सूचना लिहून मोकळा होतो. पायथनमध्ये मुद्दल हा पूर्णांक आहे, अपूर्णांक आहे की चक्क मजकूर, हे प्रत्यक्ष चालतानाच कळतं, म्हणून दर वेळी विचारपूस करावी लागते. पायथनचा वेळ मुख्यतः तिथे जातो.

याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या गळीत हंगामातल्या वजनकाट्याच्या पावत्या एकत्र करून शेतकरीनिहाय बेरजा काढायच्या होत्या. स्क्रिप्ट चार तास चालली आणि निकाल फाईलमध्ये लिहायच्या ओळीवर बंद पडली. तिथे चलाचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं होतं. चार तासांचं काम मेमरीत होतं, सगळं गेलं. वाक्यरचना बरोबर होती, त्यामुळे पायथनच्या कंपायलरने काही हटकलं नाही. नाव अस्तित्वात आहे की नाही, हे ती ओळ येईपर्यंत पायथन तपासतच नाही. जी फंक्शन कधी बोलावलीच जात नाही तिच्यातली अशी चूक वर्षानुवर्षं तशीच पडून राहू शकते. सीच्या कंपायलरने पहिल्याच मिनिटाला नकार दिला असता. त्या दिवसापासून लांबलचक काम सुरू करण्याआधी मी पायफ्लेक्स हे तपासणीचं साधन चालवतो. ते असं न सापडणारं नाव आधीच दाखवतं. तुम्हीही ही सवय आत्ताच लावून घ्या.

सरांच्या वर्गवारीत मला खटकणारी मुख्य गोष्ट वेगळीच आहे. 'कंपाईल होणारी भाषा' आणि 'इंटरप्रिट होणारी भाषा' असे भाषांचे दोन गट पाडता येत नाहीत, कारण हे ठरतं ती भाषा चालवणाऱ्या साधनावर. बेसिक घ्या. १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी ती सुरू केली, तेव्हा ती कंपाईल होत होती. पुढे छोट्या संगणकांवर तिचे इंटरप्रिटर आले. १९८४ साली आपल्या देशात शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू झाला, त्यातल्या बीबीसी मायक्रो संगणकांवर मुलं जी बेसिक शिकली, ती रॉममधल्या इंटरप्रिटरवर चालत होती. उलट सी++ कंपाईल होणारी म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण सर्न या युरोपीय संशोधन संस्थेतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी तिच्यासाठी क्लिंग नावाचा इंटरप्रिटर बनवला आहे. जावाही बाइटकोड बनवते. तो चालवणारा तिचा व्हर्च्युअल मशीन हा प्रोग्रॅम कुठला भाग वारंवार चालतो हे मोजतो आणि तेवढा भाग चालता चालताच प्रोसेसरच्या भाषेत कंपाईल करतो. पायपाय हे साधन पायथनसाठी हेच करतं. नेहमीच्या पायथनमध्येही ३.१३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, ही सोय प्रायोगिक स्वरूपात आली आहे.

परीक्षेत 'पायथन ही इंटरप्रिटेड भाषा आहे' हा पर्याय आला तर त्यावर खूण करा, तिथे वाद घालायला जागा नसते. तोंडी परीक्षेला मात्र सांगा की पायथनचा कोड आधी बाइटकोडमध्ये कंपाईल होतो आणि तो बाइटकोड इंटरप्रिट होतो. परीक्षकांनी पुरावा मागितला तर बंद न केलेल्या कंसाची ती तीन ओळींची फाईल तिथेच चालवून दाखवा. कंस बंद करून तीच फाईल डिस या मॉड्यूलला दिली, तर बाइटकोडच्या सगळ्या सूचना एकाखाली एक पडद्यावर येतात. आज रात्री एकदा स्वतः करून पाहा, आणि एखादी सूचना अडली तर ती इथे खाली लिहा. मी उलगडून सांगेन.