गच्चीसाठी अपील करू का?

प्रश्न : पश्चिम लंडनमध्ये आमचं सेमी-डिटॅच्ड घर आहे. मागच्या एक्स्टेन्शनच्या सपाट छपरावर गच्ची करायची होती. आईची तुळस राहील, उन्हाळ्यात चार पापड वाळतील, एवढाच हेतू. शेजाऱ्यांच्या बागेत आणि बेडरूममध्ये थेट दिसतं म्हणून कौन्सिलनं परवानगी नाकारली. चार घरं सोडून एकाची अशीच गच्ची आहे! अपील करू का?
– एक वाचक

उत्तर : आधी नकारपत्रावरची तारीख बघा. तिथून बारा आठवडे मोजायचे. पत्र तुम्ही उघडलं कधी, हे कुणी विचारत नाही. अपिलाला फी नाही, आणि माणसं इथेच फसतात. फुकट आहे ना, मग टाकू!

मी वीस वर्षं कौन्सिलच्या बाजूनं अशा फायली लिहिल्या. तुळस आणि पापडांना तिथे फारसं वजन नाही. (माझ्या आईनं इथे कुरडया खिडकीच्या फळीवर वाळवल्या, त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.) तुमच्या कठड्याशी उभं राहिलं की शेजारच्या घरातलं काय दिसतं, हा प्रश्न. अपिलाचा निकाल देणारे सरकारी इन्स्पेक्टर जागेवर येऊन तेच बघतात. त्या भेटीत बाजू मांडता येत नाही. दार उघडून द्या, चहाचा आग्रहही नको.

पलीकडच्या गच्चीला परवानगी होती का, हे कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधा. विनापरवाना असेल तर तिचा दाखला देऊन उपयोग नाही.

आता अर्जाला जोडलेले तुमचे नकाशे बाहेर काढा. शेजारच्या बाजूला नुसतं रेलिंग दाखवलंय? मग अपील नको. निकाल त्याच नकाशांवर लागतो, मागाहून आडोशाचा पडदा जोडता येत नाही. गच्ची कडेपासून आत घ्या, त्या बाजूला १.७ मीटर उंच धुरकट काचेचा पडदा दाखवा आणि नवा अर्ज करा. फी पुन्हा भरावी लागेल. दुसरा अर्ज फुकट करायची सवलत डिसेंबर २०२३ मध्ये गेली. पडदा आधीच दाखवूनही नकार आला असेल, तर मात्र अपिलात दम आहे. पण सगळं पहिल्याच निवेदनात लिहा, नंतर भर घालायची संधी बहुधा मिळत नाही.

आणखी एक. एक्स्टेन्शनची जुनी परवानगी काढून अटी वाचा. 'हे छप्पर बाल्कनी म्हणून वापरू नये' अशी ओळ तिथे बरेचदा असते. ती सापडली, तर तूर्त खुर्ची घेऊनही वर जाऊ नका.