खासबागेचा आखाडा ४८ केमध्ये: वाचकांच्या शंका

झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १९८२ साली इंग्लंडात आला; त्याच्या मोठ्या आवृत्तीत ४८ के (किलोबाइट) मेमरी होती. १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन तोच ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात विकला. त्यावर नवे खेळ लिहिणारे आणि दुसरीकडचे खेळ त्यावर आणणारे हौशी आजही आहेत. या महिन्याची पत्रं कोल्हापूरची आहेत.

प्रश्न: माळ्यावर डीबी स्पेक्ट्रम प्लस सापडला, पण अॅडॉप्टर नाही. घरातला राउटरचा ९ व्होल्टचा अॅडॉप्टर पिनेत नेमका बसतो. लावू का? (शिवाजी पेठ)

उत्तर: लावू नका. पिन बसते हाच घोळ आहे. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर लागतो आणि पिनेच्या आतल्या भोकात ऋण, बाहेरच्या कड्यावर धन असं उलटं असतं. राउटरच्या अॅडॉप्टरला बहुतेक वेळा आत धन असतं. उलट्या जोडणीपासून या बोर्डाला संरक्षण नाही. राउटरचाच अॅडॉप्टर वापरायचा तर तो १.५ अँपिअर किंवा जास्तीचा आहे ना ते बघा, वायर कापून दोन्ही टोकं अदलाबदल करून जोडा, आणि संगणकात घालण्याआधी मल्टिमीटरने तपासा: लाल टोक बाहेरच्या कड्याला लावल्यावर आकडा धन आला पाहिजे.

पहिल्यांदा चालू करताना झाकण उघडं ठेवा. खालची १६ के मेमरी म्हणजे आयसी ६ ते १३, या ४११६ जातीच्या चिप. त्यातल्या एकीवर, काळं टोक पिन १६ ला धरून, तीन व्होल्टेज मोजा: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५. उणे ५ गायब असेल तर लगेच बंद करा. ते नसताना १२ व्होल्ट चालू राहिले की या चिप मरतात, आणि एक मेली की शेजारच्याही मागोमाग जातात. अशा वेळी पहिला संशय टीआर४ या ट्रान्झिस्टरवर घ्यावा (झेडटीएक्स ६५०). चाळीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर तपासत बसण्यापेक्षा सगळेच बदललेले परवडतात.

टीव्हीचं चॅनेल शोधत बसू नका. मॉड्युलेटरला (चित्र टीव्हीच्या चॅनेलवर चढवणाऱ्या डबीला) जाणारी चित्राची वायर सुटी करून थेट बाहेरच्या आरसीए सॉकेटच्या मधल्या खुंटीला जोडा आणि टीव्हीच्या एव्ही इनपुटला लावा.

प्रश्न: फोनवरून खेळाची ऑडिओ फाइल वाजवून लोड करतो. लाल-निळसर पट्टे दिसतात, पण नंतर ‘आर टेप लोडिंग एरर’ येतो. आवाज पूर्ण आहे. (कसबा बावडा)

उत्तर: लाल-निळसर पट्टे म्हणजे सुरुवातीचा सुमारे ८०० हर्ट्झचा सलग सूर पोचतोय. त्यानंतरचे निळे-पिवळे पट्टे म्हणजे प्रत्यक्ष बाइट, तिथे गडबड होते. शून्याची नाडी एकाच्या नाडीच्या निम्मी लांब असते, त्यामुळे आवाज कमी पडला किंवा लाटेचा आकार बिघडला की आधी शून्यं हरवतात.

आधी फुकटचे उपाय करा. इक्वलायझर आणि ‘सराउंड’सारखे सगळे परिणाम बंद, फोन विमान मोडवर, फाइल वेव्ह स्वरूपात. ब्लूटूथ नको. फोनमध्ये मोनो पिन घुसवली असेल तर उजवा चॅनेल जमिनीला (ग्राउंडला) शॉर्ट होतो. फोनच्या बाजूला स्टीरिओ पिन घ्या, त्यातला फक्त डावा चॅनेल आणि जमीन स्पेक्ट्रमच्या ‘इअर’ सॉकेटच्या मोनो पिनेला जोडा.

तरीही जमलं नाही तर फोनचा आवाजच अपुरा आहे. टेपरेकॉर्डरच्या इअरफोन सॉकेटमधून येणारा सिग्नल हेडफोनच्या सिग्नलपेक्षा बराच दांडगा असायचा. सिग्नल वाढवायचं काम एलएम३८६ ही एक अॅम्प्लिफायर चिप करते. फोनचा सिग्नल १० किलोओहमच्या व्हॉल्यूम पॉटमधून पिन ३ ला, पिन २ आणि ४ जमिनीला, पिन ६ ला ९ व्होल्टची बॅटरी, पिन ५ पासून २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून (धन टोक चिपकडे) स्पेक्ट्रमला. पिन १ आणि ८ रिकाम्या ठेवा, म्हणजे वाढ २० पट राहते. ती भरपूर झाली. पॉट शून्यापासून हळूहळू चढवा, निळे-पिवळे पट्टे स्थिर झाले की थांबा.

प्रश्न: पायथनमध्ये लिहिलेला माझा कुस्तीचा खेळ स्पेक्ट्रमवर आणतोय. खासबागेचं मैदान, लाल माती, एक पैलवान लाल लंगोटाचा, एक निळ्या. दोघे भिडले की रंग एकमेकांत मिसळतात, आणि खेळ पीसीवर ६० फ्रेमने पळतो तो इथे रांगतो. (मंगळवार पेठ)

उत्तर: आधी वेगाचं बोलू, कारण रंगाचा उपाय त्याच हिशेबातून निघतो.

झेड८०ए हा प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर चालतो आणि एका फ्रेमला ६९,८८८ टी-स्टेट (त्याच्या घड्याळाचे ठोके) मिळतात, सेकंदाला ५० फ्रेम. पायथनमध्ये तुम्ही दर फ्रेमला सगळा पडदा नव्याने रंगवता. इथे पडद्याची चित्रमेमरी ६,१४४ बाइट, आणि मेमरी कॉपी करणाऱ्या एलडीआयआर सूचनेला एका बाइटमागे २१ टी-स्टेट लागतात. म्हणजे १,२९,०२४, जवळजवळ दोन फ्रेम नुसत्या कॉपीत गेल्या. त्यामुळे जेवढं हललं तेवढंच रंगवायचं. दशांश अपूर्णांकही सोडा. रॉममधलं पाच बाइटचं गणित फार मंद आहे. जागा आणि वेग १६ बिटांत ठेवा, वरचा बाइट पिक्सेल, खालचा बाइट पिक्सेलचा २५६ वा भाग.

आता रंग. ८ गुणिले ८ पिक्सेलच्या प्रत्येक कप्प्याला एकच बाइट रंग असतो: शाई ० ते ७, कागद गुणिले ८, ठळकपणाचे ६४. एका कप्प्यात दोनच रंग. कागद लाल (२) ठेवला की लाल लंगोट मातीत दिसणारच नाही, तो बेत सोडा. एका पैलवानाला पांढरी शाई द्या (१६ अधिक ७, म्हणजे २३), दुसऱ्याला पिवळी (२२). ठळकपणा शाई आणि कागद दोघांना एकदम लागतो. एकट्या पैलवानाला ठळक केलंत तर त्याच्याभोवती मातीचा चौकोनी डाग त्याच्यासोबत फिरेल. ठळक करायचं तर सगळा आखाडा करा, नाहीतर कुठेच नको.

सुटे पैलवान १६ गुणिले ३२ पिक्सेलचे घ्या. दोन-दोन पिक्सेलने सरकताना ते तीन कप्पे रुंद जागा अडवतात, म्हणून दोघांतलं अंतर पिक्सेलमध्ये न मोजता कप्प्यांत मोजा. मधे एकच कप्पा उरला की सुटी चित्रं काढून टाका आणि पकडीचं एकच चित्र लावा, ४८ गुणिले ३२ पिक्सेलचं, म्हणजे ६ गुणिले ४ कप्पे. हे चित्र तुम्ही कप्प्यांची जाळी समोर ठेवून काढायचं. ढाक मारताना पांढऱ्याचा हात पिवळ्याच्या मानेवर येतो, तिथे कप्प्याची रेघ नेमकी मनगटावरून जाईल असं बेता. पट काढताना वाकलेला गडी खालच्या दोन ओळींत, उभा राहिलेला वरच्या दोन ओळींत. रंगांची टक्कर होतेच, पण ती कुठे व्हायची ते तुम्ही ठरवता. कुस्तीला हे फार सोयीचं पडतं, कारण पकडीत गडी काही क्षण जागच्या जागी असतात. फुटबॉलच्या खेळात ही चैन नाही.

मेमरी बघा. एका चित्राला १९२ बाइट आकार आणि २४ बाइट रंग, एकूण २१६. वीस डाव, प्रत्येकी चार चित्रं, म्हणजे १७,२८०. वेगवान मेमरी, म्हणजे पडदा काढणारी यूएलए चिप जिथे प्रोसेसरला अडवत नाही ती, ३२७६८ या पत्त्यापासून पुढची, ३२,७६८ बाइट. डावी-उजवी दोन्ही साठवलीत तर ३४,५६० होतात आणि सगळंच बाहेर सांडतं. त्यामुळे उलटं चित्र धावताना बनवा: २५६ बाइटचा एक तक्ता ठेवा, ज्यात प्रत्येक बाइटचे बिट उलट्या क्रमाने आहेत, आणि ओळीतले सहा बाइट उजवीकडून डावीकडे काढा. रंगाचे बाइट तक्त्यातून नेऊ नका, त्यांचा फक्त क्रम उलटा करा. इथे हमखास चूक होते आणि पैलवान भलत्याच रंगांत दिसतात.

‘हॉल्ट’ (पुढची फ्रेम सुरू होईपर्यंत प्रोसेसरला थांबवणारी सूचना) नंतर यूएलए पडद्याची पहिली ओळ काढायला १४,३३६ टी-स्टेटनी सुरुवात करते. पकडीचं चित्र सहा-सात हजारांत लागतं, त्यामुळे ते हॉल्टनंतर लगेच लावलं तर लुकलुकणार नाही.

प्रश्न: त्याच खेळात हलगी वाजवता येईल का? वाजवली की सगळं थांबतं. (मंगळवार पेठ)

उत्तर: येईल. आवाज म्हणजे पोर्ट २५४ चा (पोर्ट म्हणजे प्रोसेसरचा बाहेरच्या भागांशी बोलायचा मार्ग) बिट ४ वरखाली करणं, आणि ते करताना प्रोसेसर दुसरं काही करत नाही. हलगीची एक थाप चार फ्रेममध्ये वाटून द्या, दर फ्रेमला चित्र लावून झाल्यावर तीनेक हजार टी-स्टेट. खरखरीसाठी रॉममधले बाइट ओळीने वाचा आणि त्यांचा बिट ४ पाठवा. त्याच पोर्टचे बिट ० ते २ किनारीचा रंग ठरवतात, म्हणून बाकीचे बिट पुसून किनारीचा रंग मिसळा, नाहीतर थापेबरोबर पडद्याची चौकट नाचेल. काहींना तेच आवडतं म्हणा.

प्रश्न: खेळात ‘चितपट’, ‘नाद खुळा’ असे मराठी शब्द दाखवायचे आहेत. वापरकर्त्याने स्वतः आखायची अक्षरं फक्त २१ मिळतात. (राजारामपुरी)

उत्तर: त्या २१ अक्षरांचा नाद सोडा. ८ गुणिले ८ मध्ये रोमन लिपी कशीबशी मावते. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतो, त्यात ‘खु’ आणि ‘रव’ यांत फरक राहत नाही. १६ पिक्सेल उंची घ्या: वरच्या ४ ओळी वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वाराला, पाचवी ओळ शिरोरेघ, पुढच्या ८ अक्षराच्या अंगाला, शेवटच्या ३ उकाराला.

शब्द थोडे असतील तर अक्षरजुळणी करूच नका. पीसीवर शब्दांचं एकरंगी चित्र काढा आणि तेच साठवा. बारा कप्पे रुंद संदेशाला १२ गुणिले १६, म्हणजे १९२ बाइट. चाळीस संदेशांचे ७,६८०, आणि झेडएक्स० सारख्या साधनाने ते आणखी दबतात. त्याहून जास्त मजकूर असेल तर तुकडे परवडतात: १६ गुणिले १६ चे साठ तुकडे १,९२० बाइटमध्ये बसतात, आणि ते ‘ऑर’ करून एकमेकांवर चढवता येतात. ‘चितपट’मधली वेलांटी ‘च’ च्या आधी दिसते पण युनिकोडमध्ये नंतर येते. तो क्रम स्पेक्ट्रमवर बदलत बसू नका, पीसीवरच दिसण्याच्या क्रमाने तुकड्यांचे क्रमांक लिहून घ्या.

चित्रमेमरी सरळ नाही. कप्प्याच्या आत पुढची पिक्सेल-ओळ २५६ बाइट पुढे असते, म्हणजे पत्त्याचा वरचा बाइट एच एकाने वाढवायचा. आठ ओळी झाल्या की एच आठने मागे आणि खालचा बाइट एल ३२ ने पुढे. पण पडदा ६४-६४ ओळींच्या तीन भागांत तुटलेला आहे, आणि भागाची हद्द ओलांडताना हा नियम मोडतो. सोपा मार्ग: २४ कप्पा-ओळी शून्यापासून मोजा आणि मजकुराची वरची ओळ ७ किंवा १५ वर कधीच ठेवू नका.

प्रश्न: ऐंशीच्या दशकातला एक गाजलेला खेळ जसाच्या तसा आणून फुकट वाटला तर चालेल का? (शाहूपुरी)

उत्तर: फुकट वाटल्याने हक्क संपत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतं. हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर खेळण्याची कल्पना तेवढी घेऊन नाव, चित्रं, नकाशे आणि संगीत स्वतःचं करा.

प्रश्न: एम्युलेटरवर (पीसीवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) खेळ बिनचूक चालतो. खऱ्या स्पेक्ट्रमवर मात्र पैलवान आपोआप वर-उजवीकडे पळतो. कीबोर्ड ठीक आहे. (रुईकर कॉलनी)

उत्तर: तुमचा खेळ पोर्ट ३१ वरची केम्पस्टन जॉयस्टिक वाचतोय. एम्युलेटरमध्ये ती चालू असते आणि कोणी हलवत नसेल तर ० देते. खऱ्या यंत्राला ती जोडलेलीच नसेल तर त्या पोर्टवर २५५ किंवा त्या क्षणी यूएलए वाचत असलेला पडद्याचा बाइट मिळतो. २५५ म्हणजे चारही दिशा आणि बटण एकदम.

हॉल्टनंतर लगेच, किनारीच्या वेळात, पोर्ट ३१ वाचा. त्या वेळी यूएलए पडदा वाचत नसतो, त्यामुळे जॉयस्टिक नसेल तर २५५ च येईल. खऱ्या केम्पस्टनचे वरचे तीन बिट शून्य असतात. म्हणून वाचलेला आकडा ३१ पेक्षा मोठा आला की जॉयस्टिक नाही असं एकदा नोंदवा आणि पुढे तो पोर्ट वाचूच नका.

कीबोर्डचंही तेवढंच बघून घ्या. पोर्ट २५४ वाचल्यावर पूर्ण बाइट १९१ किंवा २५५ शी ताडून पाहत असाल तर तो बोर्डाच्या आवृत्तीप्रमाणे वेगळा येतो, कारण बिट ६ ‘इअर’ सॉकेटचा आहे. आधी ३१ शी ‘अँड’ करा, म्हणजे खालचे पाच बिटच उरतात, मग तुलना.