पाठांतर जमत नाही, मग सेल बायॉलॉजीत मास्टर्स करावं का?

पाठांतराची भीती असेल तर ती सोडून द्या, उलट पाठांतरावर तरलेल्यांचीच इथे पंचाईत होते. माझीच झाली. डिग्रीला पेशीची सुबक आकृती काढून, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पॉवरहाऊस वगैरे लिहून मी भरपूर मार्क मिळवले होते. मास्टर्सला पहिल्याच महिन्यात मॅडमनी विचारलं, प्रोटीन गॉल्जीतून (पेशीतलं प्रोटीन पॅक करून पाठवणारं केंद्र) जाऊन मग पेशीबाहेर पडतं हे कशावरून? मी गप्प.

मग त्यांनी रँडी शेकमन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या लॅबचा 1980 चा पेपर वाचायला दिला. यीस्टचे असे म्युटंट (एखाद्या जीनमध्ये बिघाड असलेल्या पेशी) की 25 डिग्रीला मजेत वाढतात आणि 37 ला नेले की प्रोटीन बाहेर टाकणं बंद, सगळा माल आतच तुंबतो. आणि माल तुंबलेली पेशी जड होते म्हणून ग्रेडियंटमध्ये (खाली खाली दाट होत जाणाऱ्या द्रावणात) खाली बसते, एवढ्यावरून त्यांनी हे म्युटंट वेगळे काढले आणि 23 जीन्सपर्यंत पोचले! पुढे 2013 च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. अभ्यास म्हणजे हे असं, कोणाला काय सुचलं आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, काय ठेवला ते बघायचं.

लॅबचं मात्र वेगळं आहे. पेशींना रविवार कळत नाही, डिश भरत आली की ट्रिप्सिन (पेशी डिशपासून सोडवणारं एन्झाइम) घालून नव्या डिशमध्ये स्प्लिट करायच्याच, मग घरी कार्य का असेना. आणि मायकोप्लाझ्मा, पेशींच्या डिशमध्ये गुपचूप शिरणारा बारीकसा बॅक्टेरिया! त्याला सेल वॉलच नसते म्हणून पेनिसिलिन चालत नाही, मीडियम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, पेशी आपल्या जरा सुस्त वाटतात इतकंच. माझा चार महिन्यांचा डेटा असा गेला, शेवटी डॅपी स्टेन (डीएनए चमकवणारा रंग) केल्यावर न्यूक्लियसच्या बाहेर बारीक ठिपके दिसले तेव्हा कळलं. दुसऱ्या लॅबकडून आणलेल्या पेशी टेस्ट न करता वापरल्या होत्या, चूक माझीच. स्टॅटिस्टिक्स आणि थोडं कोडिंगही लागतं, ते होतं शिकून.

अ‍ॅडमिशनच्या आधी एक करा. एखादा पेपर उघडा, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट न वाचता नुसते फिगर्स बघून निष्कर्ष काय असेल ते ओळखायचा प्रयत्न करा. त्यात दोन तास कधी गेले कळलं नाही तर अ‍ॅडमिशन घ्या बिनधास्त, आणि दहा मिनिटांत फोन हातात घेतलात तर अजून एकदा विचार करा.