घर दोघांचं, मग सही एकटीची का?

"मॅडम, राहणार आम्ही दोघं, भाडं भरणार आम्ही दोघं. मग करारावर सही माझ्या एकटीची का?"

खुर्चीवर नीट टेकायच्या आतच तिनं हे विचारलं. तो शेजारी मान खाली घालून बसला होता. पसंत पडलेलं घर हातचं जायच्या बेतात होतं. घरमालकानं दोघांचे क्रेडिट अहवाल, म्हणजे कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याच्या नोंदी, मागितले होते. तिचा स्वच्छ निघाला, त्याचा खराब. मालकाचं म्हणणं सरळ होतं: करार तिच्या नावावर करा, नाहीतर जामीनदार आणा. तिचे वडील जामीन राहायला तयार होते, पण यानं साफ नकार दिला आणि कारण सांगेना. तिच्या मनात शंकेनं घर केलं. आणखी काय काय लपवलं असेल यानं?

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण ही काळजी घेऊन येणारी जोडपी मला वरचेवर भेटतात. "त्याचा स्कोअर खराब आहे, एकत्र राहिलो तर माझाही बिघडेल का?" हा त्यातला नेहमीचा प्रश्न. नाही बिघडत. क्रेडिट अहवाल ज्याचा त्याचा असतो, आणि त्यावरून काढलेला स्कोअर, म्हणजे परतफेडीच्या भरवशाचा आकडा, हाही. एका छपराखाली राहिल्यानं काय, लग्न केल्यानंही दोघांचा स्कोअर एक होत नाही. मात्र दोघांच्या नावावर कर्ज घेतलं की ते दोघांच्याही अहवालात उमटतं. तिथे एकाचा चुकलेला हप्ता दुसऱ्यालाही भोवतो.

मी त्याला विचारलं, "अहवाल तुम्ही स्वतः वाचलाय का?"

त्यानं शर्टाच्या खिशातून एक कागद काढला. चार घड्या घातलेला, घड्यांवर झिजून मऊ पडलेला. तीन आठवडे तो खिशात घेऊन हिंडत होता आणि दाखवायचं धाडस होत नव्हतं. तिनं कागद हातात घेतला, उलगडला आणि वाचत राहिली. मग हळूच म्हणाली, "अरे, हे कर्ज तुझं नाहीच."

ते त्याच्या चुलतभावाचं कर्ज होतं. हा जामीन राहिला होता. भावानं हप्ते थांबवले, बँक याच्या दारात आली, आणि थकबाकीची नोंद याच्याही नावावर चढली. जामीनदाराची सही ही नुसती ओळखीची सही नसते. कर्जदारानं हात वर केले की देणं जामीनदारावर येतं. पै पै जोडून यानं दीड वर्षापूर्वी सगळं फेडलं होतं, पण घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुझ्या बाबांना कुणासाठीही जामीन राहा म्हणणार नाही मी," तो म्हणाला. "माझ्यासाठी तर नाहीच."

ती बराच वेळ काही बोलली नाही. तिनं कागद टेबलावर ठेवून तळहातानं त्याच्या घड्या सपाट केल्या.

मग आम्ही तिघांनी तो कागद ओळीनं वाचला. फेडलेल्या कर्जापुढे अजूनही बाकी रक्कम दिसत होती! पहिल्या धक्क्यानंतर त्यानं अहवाल पुन्हा नीट पाहिलाच नव्हता. पाहिला तर स्कोअर आणखी घसरेल, अशी त्याची समजूत होती. ही भीती मला फार जणांत दिसते आणि तिच्यामुळे नुकसान होतं, म्हणून स्पष्ट सांगते: स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही. चुकीची नोंद दिसली तर बँकेकडे आणि क्रेडिट अहवाल देणाऱ्या संस्थेकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. उशिरा भरलेल्या हप्त्यांची खरी नोंद लगेच जात नाही, पण तीही जन्मभर चिकटून राहत नाही. ब्रिटनमध्ये अशा नोंदी 6 वर्षांनी निघतात, अमेरिकेत साधारण 7 वर्षांनी.

आता सहीचं. एकटीनं सही केली तर कायद्यानं भाडेकरू ती एकटीच. थकलेल्या भाड्याचं, मोडतोडीचं उत्तर तिनंच द्यायचं. आणि तो? उद्या ती निघून गेली, तर त्या घरात राहायचा हक्क त्याला बहुधा उरत नाही. दोघांनी सही केली तरी एक गोष्ट लक्षात ठेवायची. बहुतेक संयुक्त करारांत मालक पूर्ण भाडं दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकतो. निम्मं-निम्मं हा तुमच्या दोघांमधला हिशेब, मालकाला तो बांधील नसतो. करारातली कलमं जाणकार वकिलाकडून समजून घ्या, असं मी त्यांना सांगितलं. ते माझं काम नाही. पण एकाला कराराबाहेर ठेवून संसार मांडला की रागाच्या भरात "घर माझ्या नावावर आहे" हे वाक्य कधीतरी तोंडातून निघतंच. ते ऐकून खचलेली माणसं मी याच खोलीत पाहिली आहेत. म्हणून शक्य असेल तिथे दोघांच्याही सह्यांचा आग्रह मी धरते.

मालकाला शेवटी हवी असते ती भाडं वेळेवर येण्याची खात्री. स्कोअरच्या आकड्यात माणसाचा पगार किंवा शिल्लक येत नाही, तेव्हा ते आपण दाखवायचं. त्यानं पगाराच्या स्लिपा जमवल्या, आधीच्या घरमालकाकडून एकही महिना भाडं चुकलं नसल्याचं पत्र आणलं, बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घेतला. सोबत चार ओळींत झालेली हकिकत लिहिली. ती चिठ्ठी तिनं वाचली आणि त्यातलं "माफ करा" खोडलं.

पहिल्या मालकानं तरीही नाही म्हटलं. दुसऱ्यानं थोडी जास्त अनामत घेऊन दोघांच्या सह्या घेतल्या. वेगळं व्हायची वेळ आलीच तर घरात कोण राहणार, अनामत कशी वाटून घ्यायची, हेही दोघांनी आपसात लिहून ठेवलं. ते लिहिताना ती रडली. लिहिलं मात्र तिनंच.

दुरुस्तीचा अर्ज अजून चालू आहे. चुलतभावाशी तो अजून बोललेला नाही. त्यासाठी पुढच्या आठवड्यात तो एकटाच येणार आहे.