डॉक्टर नसलेल्या मुलीला तिथं विचारतो कोण?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी संख्याशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला जागतिक आरोग्यात काम करणाऱ्या एखाद्या स्वयंसेवी संस्थेत जायचंय आणि त्यासाठी लगेच परदेशात एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करायचंय. तिचे बाबा म्हणतात, समाजसेवा पोटापाण्याची सोय लागल्यावर करावी, आणि डॉक्टर नसलेल्या मुलीला तिथं विचारतो कोण? दोघांच्या ओढाताणीत तुम्ही सापडला आहात.

बाबांची दुसरी शंका आधी घेते, कारण ती साफ चूक आहे. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ हे नाव ऐकलं की सगळे डॉक्टरच डोळ्यांसमोर येतात. पण १९७१ साली पॅरिसमध्ये ही संस्था सुरू करणाऱ्यांत पत्रकारही होते. पाणी, औषधांचा साठा, गाड्या, हिशेब हे सांभाळणारं कोणी नसेल तर तिथला सर्जनही हात बांधून बसेल. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाचं काम तर याहूनही आतलं. ते कसं, हे सांगायला मला बांगलादेशातलं एक उदाहरण फार आवडतं.

१९७२ साली स्थापन झालेल्या ‘ब्रॅक’ या तिथल्या स्वयंसेवी संस्थेनं १९८०च्या दशकात घरोघर जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवलं. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा सेर पाणी. दहा वर्षांत सुमारे १ कोटी २० लाख घरं झाली. पण किती घरं झाली यावर शिकवणाऱ्या बायकांचा मोबदला ठरत नव्हता. काही आठवड्यांनी दुसरंच कोणीतरी त्यांतल्या निवडक घरी जायचं, आईला प्रश्न विचारायचं, तिच्याकडून पाणी करून घ्यायचं. तिच्या लक्षात किती राहिलं, यावर शिकवणारीचे पैसे. घरं कोणती निवडायची, मिठाचं प्रमाण चुकलं तर ते कसं पकडायचं, हे सगळं नमुना निवडीचं शास्त्र. म्हणजे तुमच्या मुलीचाच विषय!

खरी गंमत पुढं आहे. आयांना कृती पाठ होती, पण मूल आजारी पडलं की ते पाणी देणाऱ्या थोड्याच. का, म्हणून शोध घेतला तेव्हा कळलं की शिकवणाऱ्यांपैकी अनेकींचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या दुसरंच औषध घेत. शिवाय घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. मग प्रशिक्षण बदललं, पुरुषांशीही बोलणं सुरू झालं. ‘इतक्या घरांत पोहोचलो’ एवढाच आकडा अहवालात टाकून संस्था गप्प बसली असती, तर यातलं काहीच उघड झालं नसतं. या कामाला संस्थांच्या भाषेत मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन म्हणतात, बोलताना नुसतं ‘एम अँड ई’. या जागांसाठी डॉक्टर असावं लागत नाही. आकड्यावर संशय घेता आला पाहिजे.

एक गोष्ट मात्र मुलीनं डोळे उघडे ठेवून समजून घ्यावी. संस्था म्हणजे सरकारला पर्याय नव्हे. नारूचं बघा, म्हणजे दूषित पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंताचा रोग. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत होता, २०२४ मध्ये फक्त १५ माणसं आढळली. लस नाही, औषध नाही. पाणी गाळायची फडकी आणि गावोगावचे स्वयंसेवक यांच्या बळावर हे झालं. मोहिमेत ‘कार्टर सेंटर’ ही संस्था पुढं होती, पण त्या त्या देशाचं आरोग्य खातं आणि जागतिक आरोग्य संघटना बरोबर होती म्हणूनच ते जमलं. उलट अनुभवही आहे. संस्था जास्त पगार देऊन सरकारी दवाखान्यातल्या नर्सेस ओढून नेतात, प्रोजेक्ट तीन वर्षांत आटोपतो आणि दवाखाना ओस पडतो. हे इतकं वाढलं की २००८ मध्ये काही संस्थांनी स्वतःच आपल्यासाठी आचारसंहिता लिहिली. म्हणून मुलाखतीला गेली की तिनं जरूर विचारावं, ‘प्रोजेक्ट संपल्यावर हा डेटा कोणाच्या हातात राहणार?’ उत्तर देताना समोरचे चाचरले तर समजून जावं.

आता बाबांची पहिली शंका. ती मी उडवून लावणार नाही. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेनं परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली आणि १ जुलैला ती मदत वाटणारी यूएसएड ही सरकारी यंत्रणाच बंद झाली. त्या पैशावर चालणाऱ्या संस्थांमधून अनुभवी, उच्चशिक्षित माणसं रातोरात घरी बसली. या क्षेत्रात करार बहुतेक वेळा प्रोजेक्टपुरते असतात आणि प्रोजेक्ट देणगीदाराच्या मर्जीवर. त्यामुळे ‘मला एनजीओत जायचंय’ एवढ्यावर करिअर बेतू नका. सर्वेक्षणाची आखणी, साथरोगांचा डेटा, खर्चाचं विश्लेषण, यांतलं एक काम तिला पक्कं यायला हवं. मग संस्थेचा निधी आटला तरी आरोग्य खातं, संशोधन केंद्र, विमा कंपनी, कुठंही तिला जागा आहे.

एमपीएचची घाई नको. ती वाईट पदवी आहे म्हणून नव्हे. फील्डवर न जाता केलेलं एमपीएच आणि दोन वर्षं रजिस्टरं तपासून केलेलं एमपीएच, यांत वर्गात बसल्यावर काय ऐकू येतं याचाच फरक पडतो. लसीकरण ११२ टक्के झालं असं रजिस्टर सांगतं, तेव्हा छेदातली मुलांची संख्या जुन्या जनगणनेवरून काढलेली असते, किंवा शेजारच्या भागातली मुलं तिथं टोचून गेलेली असतात. पुस्तकात हे एका ओळीत येतं. प्रत्यक्षात त्यापायी एक आठवडा जातो. शिवाय अनेक विद्यापीठं प्रवेश देताना कामाचा अनुभव बघतात, हा फायदा वेगळाच.

आणि बिनपगारी इंटर्नशिपबद्दल तुम्ही विचारलंय. दोन-तीन महिने, शिकवणारं माणूस नक्की असेल तर ठीक. सहा महिने फुकट राबायला मी तरी पाठवणार नाही.

परीक्षा झाली की तिला दोन गोष्टी करायला सांगा. ‘डीएचआयएस-२’ नावाची आरोग्य माहिती प्रणाली अनेक देशांची आरोग्य खाती वापरतात, तिची सरावाची आवृत्ती मोफत उघडता येते. त्यातला एक तक्ता घेऊन त्यात कुठला आकडा पटत नाही आणि का, हे दोन पानांत लिहावं. दुसरं, बायोडेटातलं ‘जागतिक आरोग्याची तळमळ’ हे वाक्य काढून त्या जागी ही दोन पानं जोडावीत. लिहून झालं की मला पाठवा. त्या कामाचा कंटाळा आला असेल तर तेही मोकळेपणानं कळवा, मग आपण दुसरं काहीतरी बघू.